सात वाढदिवस

हल, बेव्हर्ली रोड. दुकानात माझं काम
लोकांच्या रिळांतली जुनी लग्नं
पेन ड्राइव्हवर उतरवून देणं.
तासाला साडेबारा पौंड, चहा ज्याचा त्यानं.

स्मारांदाबाई आल्या त्या गुरुवारी.
बिस्किटांचा डबा, आत सात रिळं,
प्रत्येकावर चिठ्ठी: मावशीचा वाढदिवस.
सातही एकाच मावशीचे?
मला मावशीच नव्हती, म्हणाल्या.

झाकण काढताच व्हिनेगरचा भपका.
फिल्म मरायला लागली की असाच वास येतो,
लोणचं नासल्यासारखा.
जोड नेलपॉलिशने चिकटवलेले, लालभडक.
चाळीस वर्षांत एकही सुटला नव्हता.

पडद्यावर तिमिशोआरातलं एक न्हाणीघर.
कुणी बटाटा सोलतंय. साल तुटतच नाही.
कुणी वर्तमानपत्रातला एक मोठा चेहरा
भिजवून, चोळून, पार लगदा करतंय
आणि लगदा खिडकीच्या फटीत बसवतंय.
थंडी फार असायची, म्हणाल्या.

आवाज नाही. माणसांना डोकी नाहीत,
चौकट सगळ्यांना गळ्यापाशी छाटते.
मला वाटलं, शिकाऊ हात.
"मुद्दाम. सापडलोच असतो
तर गुन्हेगार फक्त हात."

मग त्या हात ओळखत गेल्या.
हा ओव्हिदियू, पुढे ट्रक चालवायचा.
ही व्हेतुरिया, बोटात अंगठी नाही,
म्हणजे एप्रिलनंतरचं.
ही मी. नखं बघ. रंग तोच.

आणि कॅमेरा कोण धरायचं?

यंत्राचा पंखा तेवढा घरघरत राहिला.
बाहेर सीगल कचऱ्याची पिशवी फाडत होता.

सहाव्या रिळात फरशीवर सावली पडली,
कोपर वर, खांदा तिरका.
"हा. हाच दर सोमवारी
आमच्यावर अहवाल लिहायचा.
फायली खुल्या झाल्या तेव्हा वाचले मी सगळे.
'यात काहीही नाही. अत्यंत कंटाळवाणं.
पाहणाऱ्याच्या वेळेचा अपव्यय.'
त्या वाक्यावर आम्ही अकरा वर्षं काढली."

म्हणजे वाचवलंच म्हणायचं की त्यानं?

त्या कोटाचं बटण लावत होत्या,
चुकीच्या काजात.
"तेच तर कळत नाही, पोरी.
दया होती,
की खरंच आवडलं नव्हतं."

सावली जरा उजळ करून देऊ का, विचारलं.
नको म्हणाल्या.

आमच्या पावतीवर 'विषय' असा एक रकाना असतो.
मालक तो वाचतो.
मी थोडी थांबले, मग लिहिलं:
मावशीचा वाढदिवस. नग सात.