चहा निवेपर्यंत

ओतलास ना, जेरेन? आता हात आवर.
पियाला राहू दे तिथेच, गालिच्याच्या कडेला.
इकडे ये, मागापाशी बस माझ्या शेजारी
आणि गाठी मार.
लाल लोकरीच्या साठ गाठी झाल्या
की चहा पिण्याजोगा निवतो.
आरोग्यघरातल्या आयलारने तापमापी दिली होती काचेची,
नातवाने दुसऱ्याच दिवशी फोडली.
तेव्हापासून मोजमाप बोटांवर.

तुझा सासरा, नुरबेर्दी,
चायनेक समोवारवरून उतरला की उतरला
वाफेसकट घोट घ्यायचा.
जीभ पोळत नाही तो गडी,
असं त्याला बापाने शिकवलेलं, बापाला त्याच्या बापाने.
लग्नाकार्यात पैजा लागायच्या, कोण आधी पियाला पालथा घालतो.
तो कधी हरला नाही.
मी बायकांत मिरवायची.

मग एका थंडीच्या तोंडाला नान अडू लागला घशात.
म्हणाला, यंदाचा गहू कोरडा.
मी पीठ सैल मळलं.
म्हणाला, तरीही.
मी दूध घातलं. गिरणीवाल्याशी भांडून आले.
तीन महिने आम्ही गव्हाला दोष देत होतो, जेरेन,
तीन महिने.
मग शोरबा अडला.
मग पाणी.

गोरगानच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाली,
अन्ननलिकेत गाठ आहे.
गाठ.
मला हसू आलं, खरं सांगते.
सात वर्षांची असल्यापासून मी गाठीच मारतेय;
गाठ बघायची तर गालिचा पालथा करावा लागतो,
सरळ बाजूला नुसती फुलं दिसतात.
माणूस कसा पालथा करायचा?
उशीर झालाय, असं ती म्हणाली नाही.
चष्मा पुसत राहिली.

चाळिसावा उरकल्यावर आयलारला विचारलं,
दाराला कडी घालून:
तो चहा मीच ओतायची. मग मीच का?
ती घाईने "नाही" म्हणाली नाही. ते मला आवडलं.
म्हणाली, आजी, एकट्या चहावर खापर नाही फोडता येत.
चिलीम होती. हिवाळ्यातली ती काळी गोळी होती.
ताटात बारा महिने मांस आणि नान, नान आणि मांस,
हिरवं म्हणाल तर ताटाच्या काठावरचं नक्षीकाम.
आणि कधी कधी तर काहीच सापडत नाही कारण म्हणून.
पण कढत घोट रोज त्याच जागी पोळतो, आजी,
रोज त्याच जागी.
तेवढं आपल्या हातात आहे.

म्हणून परसात तो मुळा, ती कोथिंबीर, कांद्याची पात.
वारा खारट इथला, निम्मं करपतं.
उरलेलं ताटात येतं.
तुझा नवरा म्हणतो, मी काय मेंढी आहे?
म्हणू दे. म्हणता म्हणता पात संपवतो.
चहा बघून म्हणतो, हे भांडी विसळलेलं पाणी.
त्याला सांग, तुझा बाप सगळ्या पैजा जिंकला होता.
नको. तसं नको सांगूस.
खरबुजाची फोड ठेव त्याच्यापुढे.
ती खाईपर्यंत निवतो.

आणि एक.
घास अडला, तुझा, माझा, कुणाचाही,
एकदा नाही, आठवडाभर,
तर गव्हाला बोल लावत बसायचं नाही.
गाडी काढायची.
माझ्या कर्णफुलांचे पैसे त्या डब्यात आहेत, मेथीच्या मागे.

पायाखालचा हा गालिचा कधी उलटून बघ.
मधे बोटभर पट्टा आहे, गाठी सैल, चार-दोन चुकलेल्या.
त्या महिन्यांतला.
व्यापारी म्हणाला, उसवून परत घे, दुप्पट देतो.
मी उसवला नाही.

किती झाल्या?
मला वाटलं, तू मोजतेयस.
असू दे. बोटाची पाठ लाव पियाल्याला.
लागते का पोळल्यासारखी?
मग आणखी दहा मार.
आणि तुझ्या आईच्या घरचं ते सांग,
उंट कुंपण ओलांडून गेला तेव्हाचं.