दोघेही अर्जदार

जाबदार कोण, टायपिस्टनं विचारलं
की-बोर्डवरून मान न उचलता.
कोणी नाही, मी म्हटलं.
असं कसं? त्याला रकाना भरायचा होता.
दोघेही अर्जदार. क्रमांक एक तो, क्रमांक दोन मी.
वकील?
वकील नाही.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा आमच्याकडं पाहिलं
आणि चहावाल्याला अजून दोन सांगितले.

वकिलाची फी म्हणजे
चेकिंग खात्यातले माझे दोन महिने,
टॉवेलच्या कडा, निसटलेले धागे, डझनाची गाठ.
नमुना गाजूल मावशींच्या भाचीनं दिला,
तिचं झालं होतं मागच्या साली.
रात्री फोनवर नावं बदलत बसलो,
तो विडी घरकुलात बहिणीकडं, मी साखर पेठेत.
तरी कलम सहामध्ये भाचीचा नवरा राहून गेलाच.
तीन दिवस माझं
कुणा विश्वंभरशी पटत नव्हतं.
व्हाइटनर लावला, बाजूला दोघांच्या सह्या.

लग्न मोडायला आधी लग्न सिद्ध करावं लागतं.
पत्रिका आईच्या ट्रंकेत निघाली,
वर श्री मार्कंडेय प्रसन्न,
कोपऱ्यात वाळलेली हळद.
फोटोत सत्यनारायणचं बाशिंग वाकडं,
ते सरळ करायला निघालेला माझा हात
अर्ध्यावर.
झेरॉक्सवाला म्हणाला, रंगीत का साधी?
साधी.

कलम आठ : एकमेकांविरुद्ध तक्रार नाही.
खोटं नाही ते. अपुरं आहे.
त्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी,
किल्ली शेजारच्या चिलकाबाईंकडं,
एकमेकांची खुशालीही तिथंच.
सोळा वर्षं मागासमोर उभं राहून
त्याचा डावा कान गेला.
मी मोठ्यानं बोलायला लागले,
मग मोठ्यानं बोलता येईल
तेवढंच बोलायला लागले.
हे कुठल्या कलमात बसतं, विचारलं नाही.
टायपिस्टनं 'स्वभाव जुळत नाहीत' घातलं,
त्याच्याकडं ते तयारच असतं.

सहा महिने विचार करा म्हणाले.
गड्डा भरला, उठला.
उन्हानं पत्रे रात्रीसुद्धा तडतडायला लागले.
यादीत कुकर माझ्या नावावर होता,
शिट्टी त्याच्या पिशवीत गेली होती चुकून.
मे महिन्यात त्यानं ती
वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली.
चिठ्ठी नव्हती. मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

दुसऱ्या तारखेला पुकारा झाला : म्याकल.
एकाच आडनावाला दोघं उठलो.
मॅडमनी त्याला विचारलं,
तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?
वर पंखा घरघरत होता. तो म्हणाला, अं?
मी त्याच्या उजव्या कानाशी वाकले,
दबाव आहे का म्हणतायत.
तुम्ही नका सांगू, मॅडम म्हणाल्या, त्यांना बोलू द्या.
मागून कुणीतरी हसलं.
मॅडम, डावीकडून ऐकू येत नाही त्यांना.
त्यांनी पेन खाली ठेवलं,
खुर्चीतून पुढं सरकून पुन्हा विचारलं.
नाही, तो म्हणाला, दबाव नाही.
इतक्या जोरात
की व्हरांड्यातली माणसं आत डोकावली.

नकलेचा अर्ज वेगळा असतो.
पूर्ण नाव : लावण्या
आणि पेन थांबलं.
मधल्या जागेत अकरा वर्षं तोच होता.
तो शेजारी उभा, कागदाचा कोपरा दाबून धरलेला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
म्हणाला, नरसय्या. य ला य जोडून.
मला माहीत होतं.
तरी त्यानं सांगितल्यावर लिहिलं.

पायऱ्या उतरताना
मी त्याच्या उजव्या बाजूला आले,
सवयीनं.
रिक्षा स्टॉपपर्यंत काही बोलायचं नव्हतं,
तरी.