दोन ब्रास रेती

गिऱ्हाईक पुण्याचं. दारात बूट काढून आत आलं,
हे मला आवडलं.
दाखवत गेलो: हा अधांतरी जिना,
ही गोल खिडकी, बोटीला असते तशी.
बासष्ट साली बिलिमोरिया साहेबांनी कागदावर काढली
तेव्हा वायंगणीत विजेचा खांबही नव्हता.

सपाट छत. हो, गळतं.
सळ्या फुगल्यात, सिमेंट सोलवटलंय.
खारी हवा, मी म्हणालो.
सगळे दलाल हेच म्हणतात.

माझा बाप इथे मुकादम होता.
स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी
गोड्या रेतीचा ट्रक
कर्लीच्या पलीकडेच रुतून बसला.
पुढे कितीतरी वर्षांनी, तंबाखू मळताना बोलला:
"दोन ब्रास रातीची हयसरचीच घातलंय, झिला.
धुवक वेळ नाय होतो."

साहेब दर मे महिन्यात यायचे,
छताकडे बघत बसायचे,
समुद्राला शिव्या घालायचे.
बाप खाली मान घालून
डांबर ओतायचा भेगांत.

"दुरुस्ती होईल ना?"
गिऱ्हाईक गोल खिडकीत उभं, पाठमोरं.
भाव अजून ठरायचाय.
छताचा निखळलेला एक तुकडा उचलून
मी त्याच्या हातात दिला.
म्हटलं, जीभ लावून बघा.