वार

रावपुऱ्यात, मुख्य रस्त्यापासून चार दुकानं आत,
माझी काळोखी खोली.
जेलीची बाटली, टिश्यूचा रोल,
आणि दक्षाबेन, जी प्रत्येकीला आधी विचारते,
नाश्तो कर्यो?

हर्षदा इंगळे. वय तेहेतीस. अठ्ठावीस आठवडे.
आधीची दोन बाळंतपणं, दोन्ही सिझेरियन.
नवरा बाहेर बाकावर, मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्याचा
निळा शर्ट अजून अंगात.
चिठ्ठीवर एवढंच: वार खाली आहे, पाहावे.

पाहिलं.
वार खाली होती, खरं आहे.
पण वार आणि पिशवी यांच्यामध्ये
एक काळी रेघ असते, बारीक,
पोस्टाच्या तिकिटांमधल्या भोकांच्या ओळीसारखी;
फाटायचं तिथूनच फाटावं म्हणून आधीच करून ठेवलेली.
ती मला सापडेना.

प्रोब तिरपा केला. पुन्हा जेली.
जुन्या टाक्यांच्या जागी वार थेट आत शिरलेली,
अंगभर पोकळ्या, कसर लागल्यासारख्या,
आणि त्यांतून रक्त घुसळत चाललेलं.
डॉपलर लावला. लाल, निळा, पुन्हा लाल,
पार मूत्राशयाच्या भिंतीपर्यंत.

बाळ बरं आहे ना, तिनं विचारलं.
बाळ छान होतं. अंगठा चोखत होतं.
तिलाही काही होत नव्हतं, सकाळी दोन थेपले खाऊन आली होती.
दुखणं नाही, रक्त नाही. मी काय दाखवणार होते तिला?
एक न दिसणारी रेघ?

"आई म्हणायची, वार पडली की बाई सुटली."
तुमची पडणार नाही, मी म्हटलं.
आणि मग, कसं कुणास ठाऊक, गच्चीवरचा पिंपळ सांगितला:
कठड्यात उगवलेला, वीतभर,
मी उपटायला वाकले तर गवंडी रमणभाई ओरडला,
बेन, खेंचशो नहीं, भींत आवी जशे.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
मग म्हणाली, म्हणजे भिंतच काढायची.

एमआरआयनं तेच सांगितलं, जरा महागात.
मोठ्या हॉस्पिटलात चार डॉक्टर एका टेबलाशी बसले.
पस्तिसावा आठवडा. त्याआधी बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं.
पोटावर उभा छेद, पिशवी वरच्या अंगाला उघडायची,
बाळ घ्यायचं, नाळ बांधायची,
वारेला बोटही लावायचं नाही.
मग पिशवीसकट सगळं.

सासूबाईंनी विचारलं, वार कोणता?
मंगळवार.
गुरुवार नाही का मिळायचा?
गुरुवारी मूत्रमार्गाचे सर्जन सुरतला असतात.

रक्तासाठी कंपनीच्या बसमधून अकराजण आले,
सगळे निळ्या शर्टात.
एकजण सुई बघूनच आडवा झाला.
त्याला बिस्किटं दिली, उरलेल्या दहांचं घेतलं.

त्या मंगळवारी मी माझ्याच खोलीत होते.
आमच्यासारख्यांना तिथे कोण बोलावतं?
आम्ही सावली बघतो आणि सही करतो.
सकाळपासून नऊ पोटं पाहिली,
नवांच्या नऊ रेघा मोजल्या,
अगदी सातव्या आठवड्याच्या मुलीचीही शोधली, वेड्यासारखी,
जिची वार अजून तयारच व्हायची होती.
पावणेएकला फोन:
मुलगी. दोन किलो दोनशे. चार बाटल्या लागल्या.
तुमची रेघ तिथे खरंच नव्हती.
मी भिंतीला टेकले. दक्षाबेननं दिवा लावला, पुन्हा घालवला.

तीन महिन्यांनी ती आली. तपासणी नव्हती.
हातात कापडी पिशवी, आत लीलो चेवडो.
मी चेवडा काढून पिशवी परत द्यायला लागले.
"पिशवी राहू दे," ती म्हणाली,
"मला आता सवय झालीय त्याविना."
हसली. आधी तीच हसली.
मग हसू तसंच तोंडावर राहिलं,
आणि डोळे दुसरीकडे गेले.

दक्षाबेनला मराठी विनोद समजत नाहीत.
तिनं स्टूल पुढे सरकवलं,
नाश्तो कर्यो?
नाही, हर्षदा म्हणाली.
पहिल्यांदाच कुणी नाही म्हटलं असेल तिला.