निळाई उडालेली जागा

नोव्हेंबरची चौदा तारीख. उद्या हंगाम उघडतो.
सरोवरावरचा वारा दाराच्या फटीत शीळ घालतो आहे,
आणि सिल्वी निस्काला, वय ब्याऐंशी,
आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली तीस-तीसची रायफल
काउंटरवर ठेवून म्हणते,
"हिच्या बदल्यात ते बर्फ उडवायचं मशीन दे."

आधी लिव्हर खाली. चेंबर रिकामं.
आमच्या धंद्यात नमस्कार-चमत्कार त्यानंतर.
नळीत पांढऱ्या कागदाचा उजेड सोडला:
पेच शाबूत, कडा धारदार.
स्क्रूंच्या खाचा न दुखावलेल्या,
म्हणजे कुणी हौशी माणूस आत डोकावलेला नाही.
दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं नाहीत.
पोटाखाली, जिथे तळहातावर तोलून
माणूस मैलोन्‌मैल चालतो,
तिथली निळाई उडून राखाडी लोखंड उघडं पडलंय.
ही झीज मी वजा करत नाही.
वालफ्रिड, ज्याने मला हे दुकान आणि ही नजर दिली,
म्हणायचा: चालून आलेलं म्हातारपण महाग,
लपवलेलं स्वस्त.

मग दस्त्याकडे आलो.
अक्रोडाचं लाकूड, आरशासारखं.
नख लावलं. वार्निश, थरावर थर.
आणि जिथे लाकूड लोखंडाला भेटतं
तिथे ते केसभर खाली बसलेलं.
असं आपोआप होत नाही. कुणीतरी घासलेलं असतं.
मनातल्या मनात नऊशेचे साडेपाचशे झाले.

"हे कुणी केलं?"
"मी."

हातमोजे काढले तिने, एकेक बोट ओढत.
"संपाचा हिवाळा होता. खाण पाच महिने बंद.
ओन्नी अंधारात जायचा, अंधारात यायचा,
आणि प्रत्येक हरणामागे दस्त्यावर चाकूची एक रेघ.
पुरुषांना काय, कुठेही सही ठोकायची सवय.
हंगाम केव्हाच संपलेला. पोरं तीन.
एका रात्री कळलं, सकाळी वॉर्डन येतोय.
सँडपेपर घेऊन स्टोव्हपाशी बसले,
सात रेघा पुसल्या पहाटेपर्यंत.
पण घासलेलं लाकूड कोरं दिसतं ना, म्हणून वार्निश.
आणि एकदा चकाकी दिली की दर वर्षी द्यावी लागते, पोरा,
नाहीतर लोक विचारतात, काय झालं."

मी आकडा सांगितला.
घासाघीस केली नाही तिने.
मशीनभोवती एक फेरी मारली,
काठीने पत्र्यावर टकटक केलं.
"सहाशे लावलेस. हा नारिंगी रंग कंपनीचा?"

बाहेर लाकडं भरलेला एक ट्रक चालला होता.
तो पुरता जाऊ दिला मी.
"माझा. गेल्या मंगळवारचा."
"आणि खाली?"
"गंज. पट्टाही बदलावा लागेल."

ती हसली नाही. टॉवेलाची घडी घातली,
कोपऱ्याला कोपरा लावून.
"मग पट्टा घालून दे. फिटंफाट."

तिचा पिकअप वळणाआड गेल्यावर चिठ्ठी लिहिली:
नळी उत्तम. लोखंड मूळचं. लाकूड घासलेलं, वार्निश नंतरचं.
का घासलं, याला चिठ्ठीवर रकाना नाही,
आणि उद्या पहाटे जो कुणी ही उचलेल
त्याने ते विचारायचंही कारण नाही.
दिवे मालवले. कुलूप हातात होतं, तरी परत फिरलो,
अंधारात दस्त्यावरून अंगठा फिरवला.

ओन्नीचा चाकू खोल गेला होता.
वार्निशखाली रेघा होत्या अजून, बुजल्यासारख्या,
जुन्या टाक्यांच्या व्रणासारख्या.
सात म्हणाली होती ती.
पुन्हा मोजल्या.

आठ.