अंशदिवस

मासा टेबलावर येतो तो भूल चढलेला,
बोटभर लांब, जिवणी अर्धी उघडी.
अंगावरचा बुळबुळीत थर मी पहिल्या दिवशी पुसायला गेले
तेव्हा ओतिलिया ओरडली होती :
ती घाण नाही, पोरी. तो त्याचा उंबरठा आहे.
जंतू आधी तिथंच अडखळतो.

म्हणून ओल्या हातमोज्यानं धरायचं,
पोटपरांच्या अंमळ पुढं, मधोमध टोचायचं.
टोच. सोड. पुढचा.
तासाला पंधराशे.
सुईत तेलात घोळलेले मेलेले जंतू,
आणि खाली चिलोएच्या खाडीत, पिंजऱ्यांभोवती,
त्यांचेच जिवंत भाऊबंद.

झालं ना मग काम? मी विचारलं.
डॉक्टर बाल्दोमेरो फळ्यावर खडू ओढत म्हणाला :
आठ अंश पाणी, पन्नास दिवस. चारशे.
दहा अंश असतं तर चाळीसच पुरले असते.
सहावर उतरलं तर किती, तू सांग.
माशाला स्वतःची ऊब नसते,
शिकायचं तर ती पाण्याकडून उसनी घ्यावी लागते.

रक्त घडवणारा मगज त्याच्या हाडांत नाही.
डोक्यामागं, मूत्रपिंडाच्या टोकाला,
काळसर मऊ भट्टी आहे एक.
तिथं कुणीतरी जंतूचा तुकडा चघळतं,
उलटून पालटून बघतं,
शेजारच्याला दाखवतं : हा चेहरा. विसरू नकोस.
सगळं थंडीत, सावकाश, मुरत मुरत.

जुलैच्या रात्रपाळीत मासा हातात उसळला
आणि सुई माझ्याच अंगठ्यात गेली.

अंगठा तासाभरात टम्म.
आन्कुदच्या दवाखान्यात चिरा देऊन तेल काढलं,
सगळं निघालं नाही.
सदतीस अंशांचं माझं रक्त,
त्याला फळा लागला नाही की खडू.
जो रोग मला होणारच नाही
त्याचा चेहरा माझ्या अंगात कुणीतरी
रात्रभर घोकत बसलं होतं.

ओतिलियानं हातमोजा काढून बोटं पसरली.
तीन गाठी.
ही नव्याण्णवची, ही थोरला झाला त्या वर्षीची,
ही कधीची ते आठवत नाही.
हाताला आठवतं, म्हणाली, आणि हसली.

आजारी मासा, म्हणे, उबेकडे पोहतो.
ताप त्याला येत नाही,
तो तापाच्या शोधात निघतो.
आमच्या टाकीत मात्र वर-खाली, कडेला-मध्ये
पाणी सगळीकडे सारखंच गार.
काल एक जण काठाशी येऊन थांबला होता,
दिव्याखाली, बराच वेळ.
दिव्याला ऊब नव्हती.

पट्टी बांधलेल्या हातानं मी आज फळा पुसला,
नवा आकडा लिहिला.
दिवस एकतिसावा. पाणी साडेसात.
बेरीज दोनशे एक्केचाळीस.

अजून नाही.