कंदील आधी

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा लागल्या
की मी स्कूटीचा वेग कमी करते.
कारण काही नाही. अप्पा करायचे, सायकलचा.

रविवारी आई विचारते, बस्तीत येतेस का.
मी म्हणते, जाऊन येते.
कुठे, ते सांगत नाही. तीही आता विचारत नाही,
परतल्यावर चपलांची माती तेवढी बघते.

इथं जमिनीखाली हळद असायची.
वर गवत, शेण, एखादं करडू,
आणि खाली पेव : तोंड माणूस मावेल एवढं,
पोट खोलीएवढं.
वर्ष-दोन वर्षं अंधारात राहून
हळद बाहेर यायची ती जास्त पिवळी होऊन.
पेव फुटलं, असं पेपरात कशाबद्दलही छापतात.
फोडायला किती दिवस लागायचे ते इथं विचारावं.

अप्पा अडत दुकानाचे दिवाणजी, पायगोंडा मगदूम,
टोपीच्या कडेला कायम पिवळी रेघ.
पेव फोडायला लालासो शिकलगार.
मी सात वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून आणलेली,
रिकाम्या पोत्यांवर बसवलेली.

तोंडावरची माती काढली, पेंढा काढला.
मला वाटलं, आता उतरणार.
लालासोनं भर उन्हात कंदील पेटवला
आणि दोरीला बांधून आत सोडला.
आम्ही सगळे वाकलो.
ज्योत एक हात गेली, दोन हात गेली,
मग कुणी फुंकल्याशिवाय
विझली.

"आत हवा मेलीया," तो म्हणाला. "बसा."
किती वेळ?
"तिला वर येऊ दे की. थांबनं बी कामच हाय, पोरी."
आणि तंबाखू मळून झाल्यावरही
तळहात तसाच उताणा, मांडीवर,
कुणी त्यात काही ठेवणार असल्यासारखा.

दुपारी परत कंदील. परत विझला.
अप्पांनी वही काढली, हमालीच्या रकान्यात लिहिलं :
पेव नंबर एकवीस. आज उतरलो नाही. वारा पश्चिमेचा.

ती वही माझ्याकडे आहे.
महापुरात पेवं गेली, आतली हळद कुजली,
तो वास दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांना.
मग दुकान गेलं, अप्पा गेले, लालासो,
कोण आधी ते आता नीट आठवत नाही.
वही माळ्यावर होती, म्हणून राहिली.
बँकेचे कागद शोधायला चढले
आणि शिडीवरच वाचत राहिले :
पोती चाळीस.
शिकलगाराच्या मुलीला ताप, तरी आला.
संगमावर दोन रंगांचं पाणी, बराच वेळ.
त्या 'बराच वेळ'पुढे रुपयांचा आकडा नाही.
रकाना मोकळा सोडलाय, खाली आडवी रेघ.

मी कविता लिहिते हे ऑफिसात कुणाला माहीत नाही.
लिहिते म्हणजे, एक शब्द उघडते
आणि लगेच उतरते.
चार ओळींत गुदमरून वर.

आज एका खळग्यापाशी उभी राहिले.
एकवीस नंबर असेल, नसेलही.
खचलेल्या तोंडावर पत्रा, पत्र्यावर धोंडा.
फटीतून मोबाइलचा टॉर्च आत धरला.
उजेड सरळ तळाला : मुळं, पाण्याची बाटली,
काळं, हलणारं काहीतरी.
टॉर्च विझला नाही.
टॉर्चला काहीच कळलं नाही.
जे विझू शकतं त्यालाच आतली हवा कळते,
असं काहीतरी सुचलं, पर्समध्ये पेनही होतं,
पण लालासो म्हणाला असता, बस.

म्हणून बसले. धोंड्यावरच.
घाटाकडून धुणं आपटल्याचा आवाज,
आपटणं आधी दिसायचं, आवाज मागून.

एक पोरगं आलं. काकू, आत काय पडलं का?
नाही रे.
मग काय बघताय?

वारा कुठला आहे सांग बरं, म्हटलं.

त्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं,
वर धरलं,
एक डोळा मिटून, अगदी मन लावून.